लाजरी लपली नाही

१

माझ्या नवऱ्याकडे अकरा टॅरंटुला कोळी आहेत, हे मला लग्नाआधीच सांगितलेलं होतं. तेव्हा फसवलं असं मला म्हणता येत नाही. निदान कोळ्यांच्या बाबतीत तरी.

सांगितलं ते नणंदेनं. मी तेव्हा वाचनालयात नोकरीला होते. परत आलेली पुस्तकं कपाटांत जागच्या जागी लावायची, हे माझं काम. ताई रोज दुपारी यायच्या, कोपऱ्यातल्या टेबलाशी एखादं पुस्तक उघडायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. झोप न झालेली बाई वाचनालयात झोपायला येते, यात नवल नाही. पण त्या झोपत नसत, ऐकत असत. एक दिवस म्हणाल्या, "तुझं चालणं फार हलकं आहे गं." मग आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर जायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या मध्येच थांबल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आपली पावलं बघ कशी जुळतात. डोळे मिटले तर एकीचीच वाटतील."

मला आपलं बरं वाटलं. माझ्यात कोणाला काही जुळणारं सापडावं, असं फारसं घडत नाही.

पुढे दोन महिन्यांत लग्नच ठरलं. "भाऊ माझा, बारक्या, सरळ आहे," ताई माझ्या आईला म्हणाल्या, "दारू नाही, सिगरेट नाही. फक्त कोळी आहेत."

"असू देत," आई म्हणाली. "काही ना काही असतंच प्रत्येकाचं."

२

घर शिंप्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जमीन सगळी लाकडी फळ्यांची. जिना चढून आलं की लांब पॅसेज, एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला झोपायची खोली आणि टोकाला कोळ्यांची खोली. नवरा वजनकाटे तपासण्याच्या कामावर. गोदामांतले, कारखान्यांतले, अख्खा ट्रक उभा राहतो ते मोठे काटेसुद्धा. महिन्यातले आठ-दहा दिवस फिरती. काटा अर्ध्या ग्रॅमनं खोटं बोलला तरी याच्या घशाखाली घास उतरत नाही. तोंडानं तो कमीच बोलतो, पण कागदावर लिहिलं की ते खरं असतं, अशी त्याची ख्याती.

नव्या सुनेला घरातले डबे दाखवतात, तशा त्यानं मला पेट्या दाखवल्या. काचेची पेटी, जाळीचं झाकण. तळाला चार बोटं नारळाचा भुसा. एक कोपरा ओला, बाकी कोरडा. झाडाच्या सालीचा पन्हळीसारखा तुकडा, ते तिचं बीळ. बाटलीच्या झाकणाएवढी पाण्याची वाटी, ती कधीही कोरडी पडता कामा नये. आठवड्याला एक झुरळ, लांब चिमट्यानं. ती झुरळंही घरचीच, बादलीत पाळलेली. दुसऱ्या दिवसापर्यंत खाल्लं नाही तर झुरळ बाहेर काढायचं.

"आणि एखादी पाठीवर पडलेली दिसली, पाय वर, तर मेली समजून फेकू नकोस," तो म्हणाला. "कात टाकत असते."

"फेकेल कोण?"

"ताई निघाली होती फेकायला. सुपलीत घेऊन कचऱ्यापर्यंत गेली होती."

"ताई अलीकडेही राहायच्या इथे?"

"होती काही दिवस," तो म्हणाला आणि पुढच्या पेटीकडे वळला.

अकराही माद्या. सगळ्यांत थोरली मालकीणबाई, अठरा वर्षांची, पंजाएवढी. तिच्या चेहऱ्याकडे बघून (म्हणजे जिथे चेहरा असावा तिथे बघून) आपणच काहीतरी चुकलोय असं वाटायचं. एक झिपरी. आणि सगळ्यांत धाकटी, राखाडी, ती लाजरी. जिन्यावर दूधवाला चढला तरी ही सालीखाली.

"यांना दिसत नाही फारसं," नवरा म्हणाला. "पायांवरच्या केसांनी ऐकतात. जमीन हलली की कोण आलं ते कळतं. आपल्या माणसाचं पाऊल असलं तर बसून राहतात. नवं पाऊल पडलं की लपतात. तू चाल बघू."

मी दारापासून खिडकीपर्यंत गेले. अकरा पेट्यांतून सुकं पान सरकावं तसा आवाज आला आणि अकराही पेट्या रिकाम्या दिसायला लागल्या.

"महिनाभर रोज पडलं की सवय होते त्यांना," तो म्हणाला.

"मग?"

"मग तू घरची."

"आणि घरचं माणूस चार दिवस कुठे गेलं तर? विसरतात?"

"छे. दोन-तीन महिने आरामात लक्षात ठेवतात."

प्रत्येक पेटीला एक कार्ड अडकवलेलं होतं. कधी खाल्लं, कधी कात टाकली, सगळं त्यावर. त्या दिवशी त्यानं अकरा कार्डांवर लिहिलं: नवं पाऊल. दिवस १. लपली.

३

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मजाच वाटली. सासू नाही, सासरा नाही, जावा नाहीत. मला पसंत-नापसंत करायला कोळी होते. मी दिवस मोजायला लागले. दिवस १२, लपली. दिवस २०, लपली. तेविसाव्या दिवशी मालकीणबाईनं जाण्याआधी क्षणभर विचार केल्यासारखा केला, तर मी दुपारभर खुशीत.

ताई दर रविवारी यायच्या. त्या आल्या की एकही लपत नसे. लाजरीसुद्धा नाही. मला थोडा हेवा वाटायचा. जेवण झालं की ताई माझ्या दंडात हात घालायच्या, "चल, जरा फेऱ्या मारू, अन्न जिरेल." मग आम्ही दोघी पॅसेजमध्ये या टोकाहून त्या टोकाला. बोलायच्या काहीच नाहीत. फक्त खाली बघत चालायच्या, माझं पाऊल पडलं की त्यांचं, अगदी एकाच वेळी. चुकलं तर थांबून पुन्हा जुळवून घ्यायच्या. मी म्हणायचे, "ताई, कवायत आहे का ही?" त्या हसायच्या, पण हात सोडायच्या नाहीत.

चौतिसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी पाणी भरायला कोळ्यांच्या खोलीत गेले आणि एकही लपली नाही. अकराच्या अकरा, पाय पसरून, तशाच. लाजरी वाटीच्या काठावर पाय टेकून बसलेली.

मी धावत जाऊन नवऱ्याला उठवलं. त्यानं येऊन बघितलं. मला चालायला लावलं, थांबायला लावलं, पुन्हा चालायला लावलं. मग खिशातून पेन काढून अकरा कार्डांवर लिहिलं: दिवस ३४. लपली नाही. संध्याकाळी आइस्क्रीम घेऊन आला. खाताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटलं, बाई गं, या माणसाला आपण इतके हवे होतो.

पुढच्या रविवारी ताई आल्या. जिना चढल्या, पॅसेजमध्ये पाय ठेवला, आणि खोलीतून तो सुक्या पानाचा आवाज. सगळ्या लपल्या.

"अगंबाई," मी म्हटलं, "आता तुम्ही परक्या झालात की काय!"

"झाले खरी," ताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या दोन वेळा जेवल्या आणि खुर्चीतच गाढ झोपल्या. चेहरा एकदम उजळलेला. पुढच्या दोन महिन्यांत त्यांना दोनदा ब्लाउज उसवून घ्यावे लागले.

४

खटकलं ते फार साधं होतं.

मी स्वयंपाकघरातून निघून कोळ्यांच्या दाराशी थांबले, की माझ्या थांबण्यानंतर एक पाऊल पडायचं. एकच. माझ्याइतकंच हलकं.

लाकूड आहे, म्हटलं. दाबलेली फळी मागाहून वर येते. मी एम.ए. झालेली बाई आहे, फळ्यांना घाबरणार नाही. मी गोणपाट अंथरून बघितलं. मग सपाता घालून. मग अनवाणी. एकदा थांबताना मुद्दाम शेवटचं पाऊल अर्धवट सोडलं. मागचं पाऊल पुरं पडलं.

नवरा फिरतीवर असताना, एका दुपारी, मी कोळ्यांच्या खोलीत उंच स्टुलावर बसले होते. पाय आडव्या दांडीवर. मांडीवर झुरळांची बादली, हातात चिमटा. खाली शिंप्याचं यंत्र बंद होतं. आणि पॅसेजमध्ये कोणीतरी चाललं. स्वयंपाकघरापासून झोपायच्या खोलीपर्यंत. तिथे वळलं. परत आलं. मी मोजली, अकरा पावलं. मला त्या अंतराला अकराच लागतात.

मी पॅसेजकडे बघितलं नाही. मी लाजरीकडे बघितलं. ती बाहेर बसली होती.

मी चिमटा मुद्दाम जमिनीवर टाकला. सर्रकन सगळ्या आत. म्हणजे कान शाबूत होते. दहा मिनिटांनी एकेक बाहेर आली. पुन्हा पॅसेजमध्ये अकरा पावलं. कोणी हललं नाही. मालकीणबाई आपला एक पाय तोंडाशी नेऊन निवांत स्वच्छ करत होती.

त्यांच्या लेखी घरचंच माणूस चाललं होतं. आणि मी स्टुलावर होते.

५

नवरा परत आला तेव्हा जेवताना विचारलं. "अरे, पॅसेजमध्ये आवाज येतो, तो कसला?"

"लाकडाचा."

"चालल्यासारखा येतो."

"लाकूडच आहे ते. भाजी वाढ."

मी भाजी वाढत होते तेवढ्यात आला. स्वयंपाकघराच्या दारावरून, अगदी त्याच्या पाठीमागून, झोपायच्या खोलीकडे. माझा हात भांड्यावर थबकला. त्याचा घास थबकला नाही. मान वळली नाही, पापणी हलली नाही. मला वाटलं, ऐकू येत नसेल. माझेच कान वाजत असतील. एवढ्यात खाली शिंप्याच्या हातून इस्त्री पडली आणि नवरा दचकून अर्धा उठला. पाणी सांडलं.

"काय पडलं?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. ऐकू येत होतं त्याला. फक्त एका आवाजाची सवय झालेली होती.

त्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी पाच दिवसांसाठी माहेरी गेले. तिथली फरशी, तिथलं मोरीचं दार, तिथला खडखडणारा पंखा. मी चालले की मी चालायचे, थांबले की सगळं थांबायचं. आई एका डोळ्यावर पट्टी बांधून पडली होती, तिला उरलेल्या डोळ्यानंही दिसलं. "चालताना मागे काय बघतेस सारखी?"

"काही नाही."

"नवरा नीट वागतो ना?"

"एकदम सरळ आहे," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी मन स्वच्छ झालं. आपणच नव्या घराला बुजलो, असं ठरवलं. आईची पट्टी निघाली होती. मी एक दिवस आधीच निघाले. कळवलं नाही. त्याला जरा आनंद होईल, असा विचार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

६

दुपारचे तीन. शिंप्याचं दुकान बंद. मी चपला हातात घेऊन जिना चढले, म्हणजे त्याला कळू नये. दार उघडंच होतं. पॅसेजमध्ये त्यानं वर्तमानपत्रं अंथरून नारळाचा भुसा वाळत टाकला होता. पेट्या साफ करायचा दिवस असला की तो असाच टाकतो. बारीक धूळ फळ्यांवर पसरली होती. तो स्वतः कोळ्यांच्या खोलीत होता, पाठमोरा, काच पुसत.

मी हाक मारणार होते. तोच स्वयंपाकघरातून पावलं निघाली.

"त्या भुशावरून येऊ नकोस गं," नवरा आतून म्हणाला, मागे न बघता, लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाच्या सुरात. "घरभर होईल सगळं."

पावलं वर्तमानपत्राच्या कडेशी थांबली. मग भिंतीला लागून, सांभाळून, वळसा घालून पुढे गेली.

मी काय पाहिलं ते एवढंच: कागदाच्या कडेला, पातळ धुळीवर, आधी टाच उमटली आणि मग बोटं. डाव्या पायाचा ठसा. करंगळी टेकलेली नव्हती. माझी टेकत नाही. लहानपणी सायकलच्या चाकात सापडली होती.

मी चौथ्या दिवशी माहेरून येत होते. चपला माझ्या हातात होत्या.

मला वाटतं मी एक पाऊल पुढे टाकलं. खोलीतून सुक्या पानाचा आवाज आला, अकरा वेळा. नवरा गर्रकन वळला. त्यानं आधी पेट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग माझ्याकडे बघणं सोडून पॅसेजच्या त्या बाजूला बघितलं, जिथे पावलं गेली होती. दोन पाहुण्या एकाच वेळी दारात आल्यावर यजमान बघतो, तसं.

"तू उद्या येणार होतीस ना?" तो म्हणाला.

७

मी भांडले नाही. मला भांडता येत नाही. मी खोलीत गेले आणि मालकीणबाईचं कार्ड काढलं.

वरच, त्याच्या स्वच्छ अक्षरात: ती माहेरी, दिवस १. लपली नाही. दिवस २. लपली नाही. दिवस ३. लपली नाही.

त्याच्या मागे आणखी कार्डं होती, रबर लावलेली. तो म्हणाला, "राहू दे ते," पण हिसकावून घेतलं नाही. तीन वर्षांपूर्वीची: ताई बऱ्याच वर्षांनी राहायला आली. नवं पाऊल. लपली. पुढे: दिवस २९. लपली नाही. पुढे: ताई बाहेरगावी. लपली नाही. पुढे: ताई परत. लपली. मग एक ओळ, जरा घाईत लिहिलेली: ताईनं घर सोडलं. घर शांत. पाऊल तिच्याबरोबर गेलं. रविवारी येतं.

सगळ्यांत खालचं कार्ड पिवळं पडलेलं, अक्षर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं. मालकीणबाई तेव्हा बोटाएवढी असणार. आई दवाखान्यात, दिवस ६. लपली नाही. घरात कोण चालतंय? आणि खाली दुसऱ्या शाईत: आईला विचारलं. म्हणाली मी या घरात आले तेव्हापासून आहे. लक्ष द्यायचं नाही.

पुढच्या कार्डांवर तो प्रश्न पुन्हा कुठेही नव्हता.

"तू माझ्याशी खोटं बोललास," मी म्हटलं.

"कधी?" त्याला खरंच लागलं. "तू विचारलंस, आवाज कसला. लाकडाचाच आवाज असतो तो. मी काही चुकीचं सांगितलेलं नाही."

"काय आहे ते?"

"माहीत नाही. त्रास देत नाही पण. कुणालाच दिलेला नाही. फक्त बरोबर चालायला कोणीतरी लागतं. माझं पाऊल जड आहे, माझ्याशी जुळत नाही."

"ताईंना त्रास नव्हता, तर मग ताई का गेल्या?"

तो काच पुसायला लागला. पुसलेलीच काच. "तिला सवय झाली नाही," तो म्हणाला.

"आणि मला होईल?"

"आईला झाली होती."

ताईंना मी फोन केला. त्या अर्ध्या तासात आल्या, पण वर आल्या नाहीत. जिन्याच्या पायथ्याशी, जमिनीवरच उभ्या राहिल्या, कठड्याला धरून.

"ताई, वाचनालयात तुम्ही काय ऐकत होतात?"

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"आपली पावलं जुळतात म्हणालात, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं माहीत आहे?"

"मला तीन वर्षं झोप नव्हती गं," ताई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "जिथे जाईन तिथे. दवाखान्यात, ऑफिसात, मोरीत. मी तुझ्या वाईटावर नव्हते. तू इतकी शांत, मला वाटलं तू निभावून नेशील. बारक्या म्हणाला, महिन्याभरात सवय होते."

"कोळ्यांना," मी म्हटलं.

"वर ये, ताई," नवरा पॅसेजमधून म्हणाला. "चहा टाकतो."

ताईंनी मान हलवली. माझ्याकडून ते परत त्यांच्याकडे येईल, म्हणून आता त्या जिन्याला पाय लावायला तयार नव्हत्या. मला वर ठेवायला त्यांना जमलं होतं, पण वर यायला जमत नव्हतं.

८

मी निघाले तेव्हा एक बॅग घेतली आणि लाजरीची पेटी. का घेतली, ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. पेटी टॉवेलमध्ये नीट गुंडाळून दिली. "उन्हात ठेवू नकोस. गाडीत मांडीवर घे. घर बदललं की दोन-तीन आठवडे खात नाहीत, तर जबरदस्ती करायची नाही. लपून राहील, राहू दे. पाणी मात्र बघ." माझ्यासाठी काही सूचना नव्हत्या.

जिना उतरताना मी मागे बघितलं नाही. पावलं मोजली. सतरा पायऱ्या, सतरा पावलं. वर पॅसेजमध्ये कोणीतरी कठड्यापर्यंत येऊन थांबलं. ते नवऱ्याचं पाऊल नव्हतं.

आईकडे राहिले नाही. ते ताईंच्या मागे गेलं होतं, म्हणजे माझ्या मागेही येईल. आणि आलं तर आईच्या घरात नको. दुसऱ्या गावात वाचनालयातच काम मिळालं. म्हाताऱ्या घरमालकीणबाईंच्या मागच्या अंगाची एक खोली घेतली. जमीन फरशीची, खाली नुसती माती. लाकूड कुठेही नाही, खाटसुद्धा लोखंडी. मुद्दाम बघून घेतली. फरशी बोलत नाही.

लाजरीला खिडकीशी ठेवलं. पहिल्या दिवशी मी खाटेपासून दारापर्यंत चालले आणि ती सर्रकन सालीखाली गेली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच खाली बसून हसले. परकी! अगदी परकी. कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं: दिवस १. लपली.

त्या घरात मी घरची व्हायला दिवस मोजत होते. इथे रोज संध्याकाळी कामावरून आले की दारातून खिडकीपर्यंत चालायचं, ती लपली की सुटकेचा श्वास टाकायचा. दिवस ९. लपली. दिवस १५. लपली, झुरळ खाल्लं. दिवस २२. लपली. घरमालकीणबाई एकदा डोकावल्या, म्हणाल्या, "काय बाई हे ध्यान पाळलंय! आणि ते तर तुलाच घाबरतं."

"त्यासाठीच पाळलंय," मी म्हटलं. त्यांना विनोद वाटला.

तिसावा दिवस उलटल्यावर मला एक गोष्ट सुचली. खरं तर ती पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती, इतकी साधी. नव्या पावलाची महिनाभरात सवय होते, हे नवऱ्यानं सांगितलेलं खरं असलं, तर एक दिवस लाजरी लपायची थांबणारच. माझीच सवय होऊन. आणि ते आलं, तरी लाजरी लपायची थांबणारच. लपली नाही, एवढंच दिसेल. का लपली नाही, ते कोण सांगणार?

मग मी हळू चालायला लागले. कमी चालायला लागले. खोलीत शक्यतो खाटेवरच. तिला माझी सवयच होऊ नये म्हणून. दिवस ३२. लपली. दिवस ३३. लपली, पण सावकाश.

आज सुट्टी. घरमालकीणबाई लेकीकडे गेल्या आहेत. दुपारी ताईंचा निरोप आला मोबाइलवर. भाच्यांचे फोटो वगैरे पाठवतात तशाच सहज: "बारक्या म्हणाला, परवापासून घर एकदम शांत आहे. तू बरी आहेस ना गं? काळजी वाटते."

मी मोबाइल उपडा ठेवला. खाटेवरून उतरले. दारापर्यंत चालले, माझ्या नेहमीच्या चालीनं, चोरून नाही. थांबले. कान दिला. काही नाही. गुळगुळीत, गार, मुकी फरशी.

लाजरी बाहेर होती.

मी परत चालले. थांबले. ती वाटीच्या काठावर एक पाय टेकून बसून होती.

मी कार्डावर लिहिलं: दिवस ३४. लपली नाही. आणि खाटेवर येऊन दोन्ही पाय वर घेऊन बसले. मघापासून मी अशीच बसले आहे. माझे पाय जमिनीला नाहीत. कोणी चालतंय का, ते फरशी सांगणार नाही, म्हणून तर मी ती निवडली. आता विचारायचं तर लाजरीलाच. मी तिच्याकडे बघते आहे. तिचे दोन पुढचे पाय किंचित उचलले गेले, आवाज ओळखल्यासारखे, दाराच्या बाजूला. मग खाटेच्या बाजूला. मग ते खाली आले, आणि ती पाय पसरून निवांत बसली, घरच्यासारखी.